फ्लेक्सवर न मावलेले अडीच महिने

मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा लालबागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लागला होता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून ताणून माणसाएवढा केलेला, त्यामुळे माझ्या नाकावर चौकोन चौकोन उमटले होते. खाली लिहिलं होतं, 'लालबागची शान, थोर अर्थतज्ज्ञ, अमेरिकेस रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो, सगळे गॉगल लावून. थोर अर्थतज्ज्ञ तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसली होती आणि तिचा निकालही लागायचा होता.

खरी गोष्ट फार साधी होती. अर्थशास्त्राची आवड असलेल्या पदवीच्या मुलांना तिकडचं एक विद्यापीठ दर उन्हाळ्यात बोलावतं, कुणा प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाचं काम देतं, राहायला खोली देतं आणि उन्हाळा संपला की घरी धाडतं. समर रिसर्च फेलोशिप म्हणतात त्याला. आमच्या सरांनी मागे लागून अर्ज करायला लावला आणि माझी निवड झाली. जूनमध्ये जायचं, ऑगस्ट संपता संपता परत यायचं. तिसऱ्या वर्षाचे सुरुवातीचे वर्ग बुडणार होते, तेवढी परवानगी सरांनी काढून दिली.

हे सगळं मी नितीनदादाला स्पष्ट सांगितलं होतं. नितीनदादा म्हणजे आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. कुणी दहावी पास झालं, कुणाला पोर झालं, की त्याच्या हाताला बोर्ड लावायची खाज सुटते. "दादा, अडीच महिन्यांसाठीच चाललेय रे, त्यात कसला बोर्ड?" तर म्हणाला, "अगं, बोर्डावर अडीच महिने बरं नाय दिसत. तू टेन्शन नको घेऊ."

निघायच्या दिवशी बेंजोवाले आले. पोपटी साडी नेसलेल्या तावडेकाकूंनी ओवाळलं. त्या आमच्या शेजारच्या खोलीतल्या. माझ्या लहानपणापासून आमच्या घरात काय शिजतंय ते त्यांना आमच्याआधी कळायचं. आईने हातावर दही ठेवलं. खाली जिन्यापाशी गणपतीची छोटी देवळी आहे, तिच्यासमोर सगळी चाळ गोळा झाली आणि सावंत आजोबांनी हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते: घरातलं किंवा गावातलं मोठं माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतं, मागतं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे एका आवाजात होकार देतात. मनातल्या मनात मागायची सोयच नाही. जे मागायचं ते चारचौघांदेखत.

"बा गणराया म्हाराजा! आज ह्या आमच्या सुहासचा चेडू साता समुद्रापलीकडे जाता हा. तेच्या वाटेतली इडापिडा दूर कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"थंय तेचो कायमचो जम बसव, मोठी नोकरी दी, आणि परत हय येवन पाण्याच्या रांगेत उभा रवायची पाळी तेच्यार हाडू नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. सुहास म्हणजे माझे बाबा. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे विभागात कामाला होते. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा' एवढंच सांगणारा हा माणूस एरवी तोंड उघडत नसे. माझ्या येण्याजाण्याची तारीख त्यांनी स्वतः तिकिटावर वाचली होती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नारळाकडे बघितलं. मग मीही पुटपुटले, होय म्हाराजा. टॅक्सीत बसले तेव्हा तावडेकाकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या लग्नाक तरी येशील मा गो?" मला इतकं लाजल्यासारखं झालं की हातसुद्धा नीट हलवता आला नाही.

आता हे लिहायचं कारण. यंदाच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी नितीनदादाने फोन करून चाळीबाहेर गेलेल्यांच्या आठवणी मागितल्या. कोण ठाण्याला गेलं, कोण विरारला, कोण दुबईला. मी सगळ्यांत लांब. तेव्हा तुम्ही जे अजून त्याच गॅलरीत संध्याकाळी खुर्ची टाकून बसता, आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. दादाने 'छान, प्रेरणादायी' असं लिहायला सांगितलंय. ते काही जमेलसं दिसत नाही.

तिकडचे अडीच महिने खरं तर सुखाचे होते. विद्यापीठाचं गाव, संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत ऊन, रस्त्यात माणूस दिसला तर तो अनोळखी असूनही हसायचा. आम्ही मोजकीच मुलं होतो, निरनिराळ्या देशांतली. माझं काम होतं डेटा क्लीनिंगचं. नाव ऐकून आईला वाटलं की मला तिकडे साफसफाईला ठेवलंय. ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. प्राध्यापकबाईंनी हजारो घरांची पाहणी जमवली होती: घरात कोण कोण राहतं, कोण बाहेर कमावतं, खाण्यावर किती जातं. त्यातल्या चुका शोधायच्या, नियम लावायचे, कोड लिहायचा. एक नियम मला रोज लावावा लागे. जो माणूस सहा महिन्यांहून जास्त काळ घराबाहेर आहे, तो त्या कुटुंबाचा सदस्य धरायचा नाही. मी एकदा बाईंना विचारलं, की जो दरवर्षी गणपतीला आणि मे महिन्यात घरी जातो, घराचं छप्पर शाकारतो, त्याचं काय? त्या म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, पण कुठेतरी रेघ ओढावी लागते. मग मी रेघ ओढत बसले. आमच्या आजोबांनी गिरणीत अख्खं आयुष्य काढलं, पण घर कुठलं म्हटलं की ते मालवणकडच्या आपल्या गावाचंच नाव सांगत. त्या नियमाने ते जन्मभर पाहुणेच ठरले असते.

आई दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचा फोटो पाठवायची. अजून आहे हो, पावसातही टिकलाय. एकदा बरोबरच्या पोलिश मुलीने माझ्या फोनवर तो पाहिला आणि डोळे विस्फारून विचारलं, तू निवडणुकीला उभी आहेस का? सगळे हसले, मीही हसले, आणि फोन पालथा ठेवला. तिथे मला त्या फ्लेक्सची लाज वाटली, आणि खोलीवर गेल्यावर तशी लाज वाटल्याचीच लाज वाटली. माझ्यासाठी कुणी बेंजो लावला होता आणि मी फोन पालथा ठेवला होता. तेव्हा मला वाटत होतं, याच्यापलीकडे काही लाज नसते.

शेवटच्या आठवड्यात मी सगळ्या चाळीसाठी चॉकलेटं घेतली, प्रत्येक खोलीसाठी वेगळं पाकीट. विमानतळावर बाबा एकटेच आले होते. टॅक्सीत त्यांनी माझी बॅग मांडीवर घेतली. टॅक्सी लालबागकडे वळायच्या ऐवजी प्रभादेवीला मावशीच्या दारात थांबली. बाबा म्हणाले, "चार दिस हय रव, बाय."

मला कळेना. मग मावशीच्या स्वयंपाकघरात ते तुटक तुटक बोलले. लोक रोज विचारत होते, लेक काय म्हणते, जम बसला का. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, बसतोय. नंतर म्हणाले, तिकडे पुढचंही बघतायत तिचं. आता गणपती तोंडावर आले होते आणि मंडळाने आईबाबांचा स्टेजवर सत्कार ठरवला होता. "सगळ्यांनी मिळान गाऱ्हाणा घातल्यानी. आता तू लगेच दारात उभी रवलंस तर तोंड खय दाखवू?" मला हसू आलं आधी. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. विसर्जन होईपर्यंत मावशीकडे राहायचं ठरलं.

ते दिवस मी विसरू शकत नाही. आमचं घर चालत जाण्यासारखं जवळ, आणि मी मावशीच्या खिडकीत बसून ढोल ऐकतेय. आई दादरला एका दुकानात कामाला होती; दुकान सुटल्यावर वाट वाकडी करून मला भेटून जायची, डब्यात घरचे मोदक घेऊन. कॉलेजला गिरगावच्या बाजूला जायचं तर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी लांबचा रस्ता घ्यायची. मी काय केलं होतं? एक काम मिळालं, ते नीट केलं, वेळेवर परत आले. प्राध्यापकबाईंनी निघताना शाबासकी दिली होती. आणि आता मी स्वतःच्या शहरात तोंड लपवत फिरत होते.

मंगळवारी मावशीबरोबर सिद्धिविनायकाला गेले आणि रांगेच्या वळणावर समोरासमोर तावडेकाकू. हातात दूर्वांची जुडी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गाल चाचपले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात कळवळून म्हणाल्या, "गो बाय माझे! पाठवल्यानी तुका परत?"

मी म्हणाले, नाही काकू, फेलोशिप संपली, तेवढीच होती. त्या म्हणाल्या, "होय गो, होय," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

आता लपण्यात अर्थ नव्हता. त्याच संध्याकाळी मी घरी गेले. चाळीने माझी टिंगल केली असती तर मी भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण कुणी टिंगल केली नाही. एकेक जण येऊन दारात उभा राहून समजूत घालत होता. होतं असं, अमेरिकेतल्या लोकांना आपली किंमत नाही, तब्येत सांभाळ. सावंत आजोबा म्हणाले, देवाच्या मनात वेगळं असेल. मी प्रत्येकाला समजावत होते की मला कुणी काढलं नाही, आणि जितकं समजावत होते तितकी त्यांची मान जास्त कळवळ्याने हलत होती. चॉकलेटं वाटायला गेले तर लोकांनी घेतली नाहीत. "राहू दे बाळा, तुलाच ठेव." ती पाकिटं फडताळात महिनाभर पडून होती. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नितीनदादाने फ्लेक्स काढलेला होता, आणि नुसती बांबूची चौकट उभी होती. सत्काराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण खरं लागलं ते वेगळंच. तावडेकाकांनी माझ्यादेखत बाबांना विचारलं, "सुहास, नेमकं झालं काय रे? काय चुकलं पोरीचं?" बाबांनी एक वाक्य बोलायचं होतं. तिचं काही चुकलं नाही, ती अडीच महिन्यांसाठीच गेली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. बाबा म्हणाले, "जाऊ दे रे, लहान आहे अजून." आणि कामावर निघून गेले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी आधी जे सांगितलं ते खोटं ठरलं असतं. तेवढं त्यांना झेपलं नाही. माझं हरणं त्यांना जास्त सोपं गेलं.

त्यानंतर मी झपाटल्यासारखा अभ्यास केला. लोक म्हणतात जिद्द. जिद्द कसली, त्या फ्लेक्सवरचा शब्द न् शब्द खरा करून बाबांच्या पुढ्यात आदळायचा होता. बी.ए. झाल्यावर मला त्याच देशात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, पूर्ण शिष्यवृत्ती. या वेळी खरोखरच अनेक वर्षांसाठी जायचं होतं, आणि या वेळी मी कुणालाही कळू दिलं नाही. सामान एकेक पिशवी करून मावशीकडे हलवलं. आईने दही मावशीच्या स्वयंपाकघरात हातावर ठेवलं. बेंजो नाही, नारळ नाही, गाऱ्हाणं नाही. अडीच महिन्यांसाठी वाजतगाजत गेले होते आणि कायमची जाताना चोरासारखी गेले. चाळीला कळलं तेव्हा मला जाऊन महिना झाला होता. तावडेकाकूंना ते फार लागलं असं आई म्हणाली. ओवाळायलासुद्धा बोलावलं नाही.

आता मी इथे अमेरिकेत एका विद्यापीठात शिकवते. सकाळी बर्फ उपसून गाडी काढते, ऑफिस अवर्समध्ये पोरांच्या शंका सोडवते, संशोधनाच्या ग्रँटचे अर्ज लिहिते, रविवारी इंडियन स्टोअरमधून गोठवलेला नारळ आणून सोलकढी करते आणि ती फुटते. आणि गंमत अशी की आमच्या विभागाची समर फेलोशिप आता माझ्याकडे आहे. दर जूनमध्ये नवी पोरं येतात, पदवीची, डोळ्यांत तेच चकित भाव. पहिल्या दिवशी मी त्यांना संशोधनाबद्दल काही विचारत नाही. विचारते, घरी नेमकं काय सांगून आलात? सगळे हसतात. कुणी एखादं हसत नाही, ते मला बरोबर ओळखू येतं. नियम तोच आहे अजून, सहा महिन्यांचा. मी तो शिकवते, आणि शिकवताना दरवेळी मनात हिशेब होतो की आमच्या खोलीतल्या माणसांत मी आता धरली जात नाही.

मधल्या वर्षांत दोनदा आले, उतरले मावशीकडे. दोन्ही वेळा दुपारी, चाळ जेवून आडवी झालेली असताना, चपला हातात घेऊन लाकडी जिना चढले. पायरी वाजू नये म्हणून कडेकडेने. आई दार आधीच लोटून ठेवायची. माझ्या विद्यार्थ्यांनी मला असं पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. बाबा आणि मी हवापाण्याबद्दल बोललो. त्या जुन्या गोष्टीवर ना त्यांनी तोंड उघडलं ना मी. चपला हातात का आहेत हेही त्यांनी विचारलं नाही. फक्त दुसऱ्या वेळी निघताना पाहिलं, तर त्यांनी माझ्या चपला उचलून बाहेर जिन्यापाशी, सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवल्या होत्या.

सावंत आजोबा गेल्यापासून चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं बाबांकडे आलंय. गेल्या वर्षी प्रतिष्ठापनेच्या दिवशी आईने मला व्हिडिओ कॉल लावला. मांडव भरलेला. तावडेकाकू पुढेच, आता काठी घेऊन. बाबा नारळ हातात धरून उभे. नेहमीचं सुरू झालं. चाळीतल्या पोराबाळांना सुखी ठेव, होय म्हाराजा. बाहेर गेलेल्यांना सांभाळ, होय म्हाराजा. मग त्यांनी नारळ छातीशी धरला.

"बा गणराया म्हाराजा! माझ्या चेडवाक कोणी परत धाडूक नाय. ता गेला अडीच म्हयन्यांसाठीच, नि काम पुरा करून इला. माका ठावक होता, म्हाराजा. लोका काय काय बोलली, मी ऐकलंय नि गप रवलंय."

होकार द्यायचा की नाही हे कुणाला कळेना, कारण यात मागणं काहीच नव्हतं. बाबांनी नारळ कपाळाला लावला.

"तेच्याबरोबर जी लाज गेली हा, ती माझी. ती माका परत दी, नि तेका घराक येवक मोकळा कर, म्हाराजा!"

आधी तावडेकाकूंचा आवाज आला, एकटा, फाटका. "होय म्हाराजा!" मग सगळी चाळ. आईचा फोन हलत होता, त्यामुळे मला मांडवाचं छत दिसत होतं आणि आवाज ऐकू येत होता. मी इथे स्वयंपाकघरात उभी, ओट्याला टेकून. मीही म्हणायला तोंड उघडलं. आणि लक्षात आलं की होय म्हटलं तर ती सगळी लाज त्या नारळ धरलेल्या हातांत जाऊन पडणार. ज्यासाठी इतकी वर्षं धडपडले, तेच तर मला हवं होतं. त्यांनी एकदा चारचौघांत बोलावं. ते बोलले आणि मला होय म्हणवेना. सगळी चाळ म्हणाली, मी म्हणाले नाही.

लाज काही गेलेली नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू. चपला हातात घेऊन चढलेल्या त्या पायऱ्यांची वाटते, काकूंना न सांगता गेल्याची वाटते, आणि बाबांना देवापुढे उभं राहून बोलावं लागलं याची तर सगळ्यांत जास्त. पण आता ती आम्हा दोघांची मिळून आहे, आणि दोघांची आहे म्हटल्यावर तिच्यासह घरी जाता येईल असं वाटतं. घर म्हणजे काय याचं मी पूर्वी सुबक उत्तर दिलं असतं, व्याख्येसकट. आता एवढंच कळतं की माझी सगळी फजिती ज्यांना ठाऊक आहे आणि तरी जे माझ्या नावाने होय म्हाराजा म्हणतात, ती माणसं जिथे आहेत तिथे मी मोजली जाते. सहा महिने होवोत की साठ वर्षं.

तर नितीनदादा, लेख झाला. प्रेरणादायी नाही झाला, छापायचा तर छाप. यंदा गणपतीला मी येतेय. भर सकाळी येणार, चपला पायात घालून, जिना वाजवत. बाबा टॅक्सी सरळ लालबागलाच आणतील. चॉकलेटं आणतेय आणि प्रत्येकाने ती घ्यायची आहेत. तावडेकाकूंना सांग, ओवाळायचं ताट तयार ठेवा. आणि बोर्ड लावल्याशिवाय तुला राहवणार नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा लाव. फोटो नको, थोर बीर काही नको. एवढंच लिही: सुहासची मुलगी पंधरा दिवसांसाठी घरी आली आहे. पंधरा दिवस मोठ्या अक्षरांत लिही दादा, गल्लीच्या तोंडावरून बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.